इंजिनाच्या सायकलला दिवा, आणि तोही थांबल्यावर जळणारा

6 ऑक्टोबर 2024

काल रात्री साडेअकराला लाईट आली. लाईट म्हणजे शेतीपंपाची. आमच्या फीडरला ती आलटून पालटून दिवसा आणि रात्री असते, आणि हा आठवडा रात्रीचा. स्टार्टरला ऑटो आहे, मोटर आपोआप चालू होते. पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागतोच. सायकल घेऊन रानात गेलो, इंजिन बंद केलं, स्टार्टरच्या पेटीकडे वळलो आणि मोबाईलची बॅटरी लावायला खिशात हात घातला तेवढ्यात कुकरची शिट्टी सुरू झाल्यासारखा आवाज आला. घोणस. पेटीच्या खालच्या फरशीवर, माझ्या चपलेपासून दोन हातांवर. मागच्या मागे सरकलो. ती तिच्या वाटेने उसात गेली आणि मी बराच वेळ सायकलच्या दांड्याला धरून उभा होतो.

म्हणून ही वही. सायकलला दिवा लावायचा, आणि तो थांबल्यावरही जळला पाहिजे. चालताना दिवा देणारे डायनॅमो आमच्या आबांच्या काळापासून आहेत. कोल्हापुरात शिकताना बिनदिव्याच्या सायकलची पोलीस हवा सोडायचे म्हणून आबा डायनॅमो लावायचे. पण नेमकं जिथे उतरून पाय खाली टेकवायचा तिथेच तो दिवा विझतो.

गाडी कशी आहे तेही लिहून ठेवतो. दांड्याची काळी सायकल. मागच्या कॅरिअरखाली गवत कापायच्या मशीनचं 25 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, त्याच्या क्लचच्या शाफ्टवर गाठी पाडलेला लोखंडी रोलर, आणि तो रोलर थेट मागच्या टायरवर दाबलेला. डांबरीवर ताशी 22 ते 25 किलोमीटर. 25 सीसी मुद्दाम निवडलं. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 2(28) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि 25 सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते 'मोटर वाहन' धरत नाहीत. 35 सीसीचं मशीन बसवाल तर ही सवलत नाही, एवढं लक्षात ठेवा.

9 ऑक्टोबर

पहिली अक्कल शेजारच्या पोराची. त्याचं म्हणणं, इंजिनाला स्पार्क आहे म्हणजे करंट आहे, बंद करायच्या बटणाला जी काळी वायर येते तिच्यावरच एलईडी टाक. टाकला. एलईडी एकदा लखकन चमकला आणि काळा पडला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद.

ती वायर दिव्यासाठी नाहीच. ती बॉडीला टेकवली की स्पार्क मरतो आणि इंजिन थांबतं, तिचं काम तेवढंच. आपण तिथे काहीही जोडलं की स्पार्कमधलंच खातो. काही इंजिनांत दिव्याची वेगळी कॉइल असते, या गवताच्या मशीनमध्ये नाही. फ्लायव्हील काढून बघायची खुमखुमी होती, आवरली.

गेले: एक एलईडी, 45 रुपये.

12 ऑक्टोबर, दसरा

डायनॅमोचा सेट आणला. डायनॅमो, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि वायर, सगळं मिळून 320. दुकानदाराला आधी खोटं वाटलं. म्हणाला, पोरं आता हे ओळखत पण नाहीत, मागच्या फळीवर दोनच राहिलेत. वर शिक्का 6 व्होल्ट 3 वॅट.

मागच्या टायरवर इंजिनाचा रोलर, त्यामुळे डायनॅमो पुढच्या चिमट्याला. ट्रॅक्टर, मोटर आणि कोयत्याबरोबर सायकलचीही पूजा झाली, झेंडूची माळ हँडलला, आणि संध्याकाळी पहिली फेरी. उजेड झकास. आपट्याची पानं वाटत गावातून दोन चकरा जास्तच मारल्या.

15 ऑक्टोबर

पुढचा बल्ब गेला. बदलला. परत गेला. तिसराही आज पाटाच्या उतारावर गेला.

कारण सापडायला तीन रात्री लागल्या. इंजिनाच्या थरथरीने मागच्या दिव्याची वायर आधी सुटत होती. डायनॅमोचं असं आहे की वेग वाढला की तो करंट फारसा वाढू देत नाही, पण जेवढा देतो तेवढा कुठेतरी ढकलतोच. दोन बल्ब आहेत तोवर तो वाटला जातो. मागचा सुटला की सगळा पुढच्यावर. पायडल मारताना बल्ब एखादवेळेस टिकला असता. ताशी 25 ला नाही टिकत.

बल्बचा नाद इथेच सोडला. तीन बल्ब, 45 रुपये.

19 ऑक्टोबर

ठरलं ते असं. डायनॅमोने बॅटरी चार्ज करायची, दिवा बॅटरीवर. इमर्जन्सी लाईटमध्ये येते ती 6 व्होल्ट 4.5 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, 380 रुपये. आबा म्हणाले, "बॅटरीच घ्यायची तर हातातली घे की, एवढा उद्योग कशाला?" आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे वाद लांबला. हातातली बॅटरी असली की एक हात गेला. फावड्याला दोन लागतात. शिवाय ती चार्जिंगला लावायची आठवण मला कधीच राहिलेली नाही.

260 चा मल्टीमीटर आणला. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं, डायनॅमो टायरला टेकवला, मीटर 20 व्होल्टवर. शून्य. परत जोरात फिरवलं. शून्य.

डायनॅमो जळाला अशी खात्री झाली.

20 ऑक्टोबर

दुसरा डायनॅमो, 210 रुपये. तोही शून्य.

दोन्ही घेऊन मोटर वायंडिंगवाल्या अण्णांकडे गेलो. त्यांनी डायनॅमोकडे बघितलंच नाही, माझ्या मीटरकडे बघितलं. खटका डीसीवरून (एकाच दिशेने वाहणारा करंट) एसीवर (उलटसुलट वाहणारा) फिरवला आणि चाक फिरवायला सांगितलं. पाच व्होल्ट.

"ह्येला डायनॅमो म्हणत्यात, पण आत चुंबक फिरतंय आन् वायंडिंग जागेव. ही एसीच देनार. तुज्या मीटरनं डीसी मागिटलं, कुटनं दील?"

दुसरा डायनॅमो दुकानदाराने परत घेतला नाही. माळ्यावर आहे. कोणाला हवा असेल तर न्यावा.

24 ऑक्टोबर

एसीची डीसी करायला चार डायोडचा ब्रिज. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. आधी घरात पडलेले 1एन4007 लावले, ते चालले, पण त्यांच्यात व्होल्टेज जास्त पडतं आणि चार्जिंग सुरू व्हायला वेग जास्त लागतो. पुढे 1एन5822 आणले, आठ रुपयांचा एक. शॉट्की जातीचे आहेत, त्यांच्यात कमी पडतं. खडकाळ गाडीवाटेवर सायकल हळू जाते तिथे फरक कळला.

पण खरं दुखणं वेगळंच निघालं, आणि ते सविस्तर लिहितो, कारण चार दिवस त्यातच गेले.

मोटरसायकलला बॅटरीची निगेटिव्ह चासीला असते म्हणून मीही निगेटिव्ह सायकलच्या फ्रेमला दिली. वायर वाचते. मीटर हँडलला चिकटपट्टीने बांधला, बॅटरीच्या सिरीजमध्ये, आणि भाच्याला मागे बसवून आकडे वाचायला लावले. 0.19 अँपिअर. कितीही पळवा, 0.19, 0.20. डायनॅमो अर्ध्या अँपिअरच्या आसपास देतो असं धरलं होतं. निम्मं कुठे गेलं?

डायोड बदलले, वायरी बदलल्या. टायर घसरतोय म्हणून डायनॅमो जोरात दाबला. काही नाही. शेवटी थांबल्या थांबल्या चारही डायोडना बोट लावून बघितलं. तीन गार. एक कोमट. तिथून सुगावा लागला.

डायनॅमोला बाहेर एकच वायर दिसते. दुसरं टोक त्याच्या बॉडीतून क्लॅम्पला, क्लॅम्पमधल्या टोकदार स्क्रूने रंग फोडून चिमट्याला, म्हणजे फ्रेमला. म्हणजे फ्रेम ही एसीची एक बाजू झाली. आणि मी डीसीची निगेटिव्ह त्याच फ्रेमला दिली होती. ब्रिजचा एक डायोड त्यामुळे बाहेरूनच शॉर्ट, आणि उलट्या बाजूच्या प्रत्येक फेरीला डायनॅमो दुसऱ्या एका डायोडमधून स्वतःच स्वतःला शॉर्ट होत होता. तोच कोमट. बॅटरीला अर्धीच लहर मिळत होती.

उपाय: डायनॅमोची एक बाजू फ्रेमला राहू दे, पण ब्रिजच्या पलीकडचं काहीही फ्रेमला लागता कामा नये. बॅटरी, पुढचा दिवा, मागचा दिवा, सगळ्यांना दोन-दोन वायरी. बॅटरी श्रीखंडाच्या डब्यात आडवी (सीलबंद आहे, आडवी चालते), डब्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा.

सगळं केलं आणि आकडा 0.19 च.

आता मात्र डोकं तापलं. मीटर बीपवर लावून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं फ्रेमला धरलं, आणि एकेक दिवा सोडवत गेलो. पुढचा दिवा काढला तशी बीप थांबली. त्याची पत्र्याची बॉडी आतूनच निगेटिव्हला होती आणि बॉडी ब्रॅकेटने फ्रेमला. ब्रॅकेट आणि हँडलमध्ये ट्यूबचं रबर घातलं, नटाखाली प्लॅस्टिकचा वायसर.

0.41 अँपिअर. भाचा मागून ओरडला तेव्हा मी जवळजवळ पाटातच गेलो असतो.

28 ऑक्टोबर, वसुबारस

पुढे 3 वॅटचा पांढरा एलईडी, 30 अंशांच्या भिंगासह, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर. पट्टी आणि एलईडीमध्ये कागदी चिकटपट्टी नको, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा. जुन्या दिव्याच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवून बघितला, उजेड सगळा भलतीकडे पांगतो. रिफ्लेक्टर बल्बच्या तारेसाठी असतो, एलईडी एकाच दिशेला फेकतो.

बॅटरी आणि एलईडीच्या मध्ये 10 ओहम, 2 वॅटचा रेझिस्टर. बॅटरी सव्वासहा व्होल्ट, एलईडीवर साधारण तीन, उरलेल्या तीनेक व्होल्टात 10 ओहममधून 300 मिलीअँपिअरच्या आसपास. एलईडीला याहून जास्त पेलतं, पण 300 ला रस्ता नीट दिसतो. जास्त उजेड म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जास्त उजेड. हल्ली ट्रॅक्टरवाले जे पांढरे बार लावतात त्यांना रात्री समोरून भेटलात तर काय म्हणतोय ते कळेल.

2 नोव्हेंबर, पाडवा

दुपारी डेअरीला दूध घालून येताना मांडीखाली फट्ट असा आवाज आला आणि जळक्या माशासारखा वास. डब्याचं झाकण उघडलं तर ब्रिजपुढे लावलेला कॅपॅसिटर (डीसी एकसारखी करायला लावतात तो) फुगून फुटलेला, आतला कागद बाहेर.

बॅटरीचा एक लग (वायरीच्या टोकाची चिमटी) थरथरीने निसटला होता. दिवा बंद. म्हणजे डायनॅमो फिरतोय आणि त्याचा करंट घ्यायला कोणीच नाही. अशा वेळी हा सहा व्होल्टचा डायनॅमो वेगात तीस व्होल्टच्या पुढेसुद्धा चढतो. कॅपॅसिटर 16 व्होल्टचा.

दोन गोष्टी केल्या. कॅपॅसिटर काढूनच टाकला. बॅटरी असताना त्याचं तिथे कामच नव्हतं, मी तो चित्रात बघून लावला होता. दुसरं, ब्रिजच्या बाहेर प्लस-मायनसला आडवा 7.5 व्होल्ट 5 वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टच्या वर गेलं की जास्तीचा करंट स्वतःतून जाऊ देणारा डायोड), 1एन5343, 20 रुपये. बॅटरी निसटली तर सगळा 0.41 अँपिअर त्याच्यातून जातो, म्हणजे तीन वॅट, तो सोसतो. बॅटरीवर छापलेलं असतं की रोजच्या चार्ज-डिस्चार्जला 7.2 ते 7.5 व्होल्टपर्यंत न्या. झेनर त्यावर जाऊ देत नाही, म्हणजे ओव्हरचार्जचीही थोडी काळजी मिटली. तो चांगला तापतो. डब्याच्या प्लॅस्टिकला टेकवू नका, तारा लांब ठेवू नका.

लग पक्कडीने आवळून बसवले, वरून सिलिकॉन.

10 नोव्हेंबर

आठ रात्री झाल्या आणि दिवा मंद वाटायला लागला. बॅटरी 5.9. म्हणजे भरतीपेक्षा ओहोटी जास्त. हे गणित आधी करायला हवं होतं, ते आज केलं.

रान चार किलोमीटर. जाऊन-येऊन 22 मिनिटं. डायनॅमो देतो 410 मिलीअँपिअर, पुढचा-मागचा दिवा मिळून खातात 320. शिल्लक 90. बावीस मिनिटांत बॅटरीत पडले फार तर 33 मिलीअँपिअर-अवर. आणि रानात दिवा लावून मी चाळीस मिनिटं दारं धरत बसतो, तेवढ्यात गेले 200 च्या वर. म्हणजे रोज पावणेदोनशेची तूट. दुधाच्या फेरीला डायनॅमो मी सहसा लावत नव्हतो, आवाज नको म्हणून.

आता दिव्याला तीन खटक्यांचा स्विच. एका बाजूला पूर्ण, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला 47 ओहममधून मंद. मंदवर एलईडी 70 मिलीअँपिअरच्या आत खातो. पायाखालचं, स्टार्टरचं आणि सरीचं तोंड दिसायला ते पुष्कळ होतं, डोळे अंधाराला सरावलेले असतात. चाळीस मिनिटांचे 45. आणि दिवसाच्या फेरीला दिवा बंद ठेवून डायनॅमो लावायचा, 22 मिनिटांत दीडशे आत. इंजिनाला डायनॅमोचं ओझं कळतसुद्धा नाही. पायडल मारणाऱ्याला कळतं.

16 नोव्हेंबर

चार दिवस बॅटरी चढती. 6.3 वर स्थिर.

पाटाच्या कडेने ओल आहे तिथे डायनॅमोची चाकी घसरते, किंचाळते आणि आकडा खाली येतो. ट्यूबचं रबर कापून चाकीवर चढवलं, दोन किलोमीटरमध्ये उडून उसात गेलं. दुकानात तयार रबरी टोपी मिळते, 15 ला एक, दोन आणल्या. आणि क्लॅम्प सैल करून डायनॅमो नीट बसवला: त्याचा दांडा वाढवला तर तो चाकाच्या बरोबर एक्सलकडे गेला पाहिजे. माझा बोटभर तिरका होता. तिरका असला की चाकी टायरवर फिरण्याऐवजी घासते. टायरची कड एका बाजूने पांढरी पडलीय ती त्यामुळेच.

24 नोव्हेंबर

कारखाने सुरू झाले. रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि मागे दिव्याच्या नावाने बोंब. आपला तरी मागचा दिवा पक्का असू दे. दोन लाल एलईडी सिरीजमध्ये, 100 ओहम, वीसेक मिलीअँपिअर. तो मंद खटक्यावर जळत नाही असं ठेवलंय. शिवाय मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आहेच, त्याला ना वायर ना बॅटरी.

आज तो दोनदा बंद पडला. डाग (सोल्डर) मारलेल्या जागीच वायर तुटते. एकतारी वायर वापरली होती, ती थरथरीने तुटणारच. बारीक तारांची मऊ वायर, डागावर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी), आणि डागापासून दोन बोटांवर वायर फ्रेमला प्लॅस्टिकच्या पट्ट्याने बांधलेली, म्हणजे हलणारा भाग डागाचा नाही. ही सगळी जोडणी परत केली. रविवार गेला. घरातून टोमणे मिळाले ते इथे लिहीत नाही.

8 डिसेंबर

हिशेब. डायनॅमो सेट 320, उगाच घेतलेला दुसरा 210, बल्ब 45, मीटर 260, डायोड दोन्ही जातींचे 40, कॅपॅसिटर 30, बॅटरी 380, एलईडी दोन 90, झेनर 20, रबरी टोप्या 30, रेझिस्टर-स्विच-वायर-हीटश्रिंक 140. एकूण 1565. यातले 338 चुकांचे: दुसरा डायनॅमो, बल्ब, 4007 डायोड, कॅपॅसिटर आणि तो काळा पडलेला एलईडी. मीटर चुकांत धरला नाही. त्याच्याशिवाय हे काम करायला जाऊ नका. फक्त खटका कुठे आहे ते बघा.

दोन महिने लागले, पण हात लावून केलेलं काम पाच रविवारांचं असेल.

राहिलेलं: पावसाळ्यात श्रीखंडाच्या डब्याचं झाकण टिकेल असं वाटत नाही, खाली एक भोक पाडून ठेवलंय. बॅटरी नेहमी 6 व्होल्टच्या वर ठेवायची, अशा बॅटऱ्या अर्धवट रिकाम्या पडून राहिल्या की लवकर मरतात. आठवडाभर सायकल बाहेर काढली नाही तर साध्या चार्जरने भरतो.

काल परत रात्रीची लाईट होती. इंजिन बंद केलं, खटका मंदवर टाकला, हँडल स्टार्टरच्या पेटीकडे वळवून सायकल स्टँडवर लावली. फरशीवर बेडूक होता. पेटी उघडली, अँपिअरचा काटा बघितला आणि फावडं घेऊन सरीत उतरलो.